तीनचा भोंगा

काकाजी,

तुम्ही गेल्याची तार मला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मिळाली. तोवर तिकडे वर्धेजवळच्या सिंदी मेघेत तुम्हाला पोचवून माणसं परतली होती, आंघोळी करून, झोपूनसुद्धा उठली होती. आपल्या गावाहून वर्धेला एस.टी. दीड तासात पोचते. मी पोचले असते. शेवटचं पाहणं झालं असतं.

आणि संताप याचा, की ती तार आदल्या दिवशी दुपारी साडेतीनलाच आली होती. माझ्याच तारघरात, माझ्याच मशीनवर, मी समोर खुर्चीत बसलेली असताना. हे कसं झालं ते नीट समजू शकतील अशी जगात दोनच माणसं होती. त्यातलं एक गेलं. म्हणून तुमच्याशीच भांडायला बसले आहे. तेरवीला आलेले सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणत होते. मी पानावर मान खाली घालून बसले होते. तोंड उघडलं असतं तर तिथेच वाद झाला असता.

मी नागपूरहून टेलिप्रिंटरचं ट्रेनिंग घेऊन आले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि तारखात्याचं सगळं पुढचं आयुष्य आपल्या दहा बोटांत आहे असा माझा तोरा होता. तुम्ही तीस वर्षं त्या टेबलावर कट्ट-कडकट्ट करत बसलेले तारबाबू. तुमच्या यंत्रामागे जर्द्याचा एक रिकामा डबा खोचलेला असायचा, आवाज स्वच्छ यावा म्हणून. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तुम्ही त्या यंत्राची स्प्रिंग केसाएवढी फिरवायचे, कान लावायचे, पुन्हा फिरवायचे. गवई तंबोरा लावतो तसं. मला हसू यायचं. मी पोस्टमास्तरांना म्हटलंसुद्धा, की हे यंत्र चालवतात की त्याचे लाड करतात?

मग ते यंत्र काढून नेलं आणि त्या जागी माझं मशीन बसलं. तुम्ही जर्द्याचा डबा तेवढा रुमालात बांधून घेतलात. नवीन मशीनला हळद-कुंकू वाहिलंत आणि वरच्या साहेबांना विचारलंत, "साहेब, हिची चाल कोन्या स्क्रूनं लावाची?" साहेबांनी लाखेचं सील मारलेला एक स्क्रू दाखवला आणि म्हणाले, "याला हात लावायचा नाही. तुम्ही जुनी माणसं हात लावल्याशिवाय राहत नाही, मला ठाऊक आहे." तुम्ही हसून बरं म्हणालात. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या सीलला बोट न लावता नुसता नमस्कार करायचे. हे मी पाहिलं आहे काकाजी, रोज पाहिलं आहे. पुढे तुम्ही जे केलंत त्याचा राग म्हणूनच जास्त येतो.

पावसाळाभर मशीन छान चाललं. दिवाळी झाली, बाजारात कापूस यायला लागला आणि मशीनचं बिनसलं. तार येता येता मधेच अक्षरांचा चिवडा व्हायचा. दोन ओळी सरळ, तिसरीत काहीच्या काही. मग मशीन नुसतं खडखडत राहायचं नाहीतर ठप्प. बंद करून पुन्हा सुरू करावं, पाच मिनिटं बरं चालावं, की पुन्हा तेच. संध्याकाळी मात्र अगदी शहाण्यासारखं. पोस्टमास्तर म्हणाले, हवेत रुई उडते ती आत जात असेल. मी रोज मशीन उघडून ब्रशने झाडलं. मग ते म्हणाले, तुमची नखं वाढली आहेत. मी नखं कापली. लाइनमन दोन वेळा पार नाल्यापर्यंत तारा पाहून आला. शिपाई म्हणाला, मशीनच्या पूजेचा नारळ कुजका निघाला होता, तेव्हाच मले वाटलं.

वरच्या साहेबांना कळवलं. ते आले गुरुवारी. त्यांचा दौराच तसा लागायचा, आमच्याकडे नेहमी गुरुवार. दहा ते पाच मशीनसमोर बसले. एक अक्षर चुकलं नाही. पुन्हा कळवलं, पुन्हा गुरुवार, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी शेरा लिहिला, मशीन निर्दोष आहे. आणि मला म्हणाले, "बाई, लक्ष कुठे असतं तुमचं?" माझी नोकरी अजून कच्ची होती. घरी जाऊन रडले.

त्या दिवसांत तुम्ही दुपारी खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटून बसायचे. मला चीड यायची. मी इथे घाम गाळते आहे आणि हे झोपतात! एकदा मुद्दाम जवळ येऊन मोठ्यानं म्हटलं, "काकाजी, झोपले का?"

"नाई. पंखा आयकून राह्यलो."

"पंखा?"

"थांब." तुम्ही डोळे न उघडता बोट वर केलंत. "पाह्य, थो थकला. आता तुई मशीन थकन."

मी पाठ वळवेपर्यंत मशीनवर चिवडा सुरू झाला. तुम्ही डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"भोंगा आयकला का आत्ता?"

रोज ऐकत होते. गावात कापसातून सरकी काढणाऱ्या चार जिनिंगा, आणि दुपारच्या पाळीचा त्यांचा भोंगा तीनला वाजतो. कोण लक्ष देतं? तुम्ही दिलंत. "भोंगा वाजला का सारे जिन एका दमात सुरू होतात, पोट्टे. गावची लाईट तेच पिऊन टाकतात. मंग पंख्याच्या वाट्याले काय येनार आन तुया मशीनच्या वाट्याले काय येनार?"

"आन गुरुवारी काऊन नाई होत?" मी विचारलं.

तुम्ही नुसते पाहत राहिलात माझ्याकडे, मीच शोधावं म्हणून. आणि मला सापडलं. गुरुवारी जिनिंगला सुट्टी! आपण दोघं इतके हसलो की पोस्टमास्तर बाहेर आले. मशीनसोबत एक पोलादी काटा दिलेला होता. तो ठोकून थरथरत असताना त्याच्या टोकाच्या फटीतून मोटरच्या चाकावरचे काळे-पांढरे पट्टे पाहायचे. पट्टे जागच्या जागी उभे दिसले तर चाल बरोबर, सरकताना दिसले तर चुकली. दुसऱ्या दिवशी अडीचला पाहिलं, पट्टे उभे. तीनच्या भोंग्यानंतर पाहिलं, पट्टे मुंग्यांसारखे मागे सरकत होते. तुम्ही समोरच्या टपरीवरून तर्री घातलेले आलूबोंडे मागवलेत आणि मला पहिला दिलात. "सायबाच्या आधी आपल्याले समजलं," म्हणालात. त्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती. तिच्यासाठी तुमचे पाय धरायला हवे होते, ते राहिलं.

पंधरा दिवसांत तो माणूस आला.

समुद्रपूरकडच्या एका खेड्यातला, डोक्याला टापर बांधलेला. त्याच्या भावाने नागपूरच्या दवाखान्यातून तार केली होती, मायची तब्येत जास्त आहे, लगेच ये. ती पावणेचारला आली, म्हणजे चिवडा. नियमाप्रमाणे मी तार पुन्हा पाठवा म्हणून मागणी केली. मशीन ठप्प. लाइन संध्याकाळी मिळाली, दुरुस्त तार सकाळी आली. तो दोन दिवसांनी खिडकीशी उभा राहिला. हातात ती तार. ओरडला नाही, शिवी दिली नाही. "बाई, हे पहिल्या दिवशी काऊन नाई आलं? मले माय भेटली नाई."

त्याने तक्रार केली, करायलाच हवी होती. चौकशी लागली. साहेबांचा शेरा कागदावर होताच, मशीन निर्दोष. मशीन निर्दोष म्हणजे दोषी कोण ते सांगायला शहाणपण लागत नाही. माझी नोकरी जाणार हे शिपायालासुद्धा कळत होतं.

चौकशीच्या दिवशी सकाळी दहाला मी मशीनचं आवरण काढलं तेव्हा सील साबूत होतं. अकराला साहेब आले तेव्हा ते तुटलेलं होतं आणि तुमच्या अंगठ्याच्या नखात लाल लाख होती. मी पाहिली. तुम्ही हात मागे घेतलात. मग स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिलंत, की जुन्या सवयीने चालीच्या स्क्रूला माझ्याकडून हात लागत असे, बाईंचा यात काहीही दोष नाही.

साहेबांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्यांना हवं तेच तुम्ही लिहून दिलं होतं. जुनी माणसं हात लावल्याशिवाय राहत नाहीत! त्यांची मान उंच, खात्याचं मशीन निर्दोष, पोस्टमास्तर सुटले, माझी नोकरी वाचली. सगळ्यांची सोय झाली. तुमची बदली झाली तळेगावला, आष्टीकडे, खिडकीत तिकिटं आणि पाकिटं विकायला. नोकरीची दोन वर्षं राहिली होती तुमची. तीस वर्षांच्या तारबाबूला निवृत्त होताना तारेच्या टेबलावर बसू दिलं नाही. निघताना मी एस.टी.पर्यंत आले आणि रडत विचारलं, "कायले केलं असं?" तुम्ही खिडकीतून म्हणालात, "तुई नौकरी अजून लांब आहे वं. माई तं झाली." आणि गाडी सुटली. हे काय उत्तर झालं?

मला कुणी विचारलं होतं? माझ्या नावाने एवढं मोठं काम करायचं आणि मला फक्त तुटलेलं सील दाखवायचं, ही कुठली रीत? मी उभी राहिले असते साहेबांसमोर. काटा ठोकून दाखवला असता. असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले आहे. आणि समजा नोकरी गेली असती, तरी मशीनचा दोष कागदावर आला असता. तुम्ही तो दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलात आणि फाईल बंद झाली. मानवी चूक, संबंधितावर कारवाई पूर्ण. त्यानंतर आम्ही केव्हाही कळवलं की उत्तर ठरलेलं, या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे. काकाजी, एक डबा हवा होता फक्त! गावातल्या बड्या घरांत टीव्हीखाली असतो तसा लाईट सांभाळणारा डबा. तो आजपर्यंत बसला नाही, कारण तुम्ही देवमाणूस निघालात.

मग आम्ही काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता ऐका. कापसाच्या दिवसांत तीन ते पाच आमच्या तारघरात चहाची वेळ असते. भोंगा वाजला की आम्ही मशीनकडे पाठ करून बसतो. बंद करायची परवानगी नाही, म्हणून ते चालू असतं. पलीकडच्या टोकाच्या लोकांना तोंडी सांगून ठेवलं आहे, या वेळात आमच्याकडे काही सोडू नका. कुठेही लिहिलेलं नाही. नवीन माणूस आला की त्याला आधी भोंगा शिकवायचा आणि मग काम. असं आम्ही सहा हंगाम काढले.

आणि मी? मी तुमच्याकडे दर दिवाळीला यायचे. आधी तळेगावला, मग तुम्ही मुलाकडे सिंदी मेघेत राहायला आल्यावर तिथे. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. "डब्बा बसवला का वं मशीनले?"

पहिल्याच वर्षी मी म्हटलं, "बसवला काकाजी."

"मंग भोंगा वाजल्यावर?"

"काईच होत नाई आता."

तुमचा चेहरा असा उजळायचा! बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप कट्ट-कडकट्ट करायला लागायची. कसं सांगणार होते, की तुमच्या त्या लिहून देण्यामुळेच तो डबा कधी येणार नाही? दर वर्षी तेच खोटं बोलले. तुम्ही एकदा खोटं लिहिलंत, मी दर दिवाळीला चकली खाता खाता बोलले.

तुम्ही गेलात त्या दिवशी पलीकडच्या टोकाला नवा माणूस बसला होता. त्याला भोंगा कुणी शिकवला नव्हता. साडेतीनला माझ्या पाठीमागे मशीन खडखडलं. मी वळून पाहिलं. वर वर्धा एवढं लागत होतं, खाली चिवडा. मी कागद फाडला, टेबलावर दुरुस्तीसाठी थांबलेल्या तारा अडकवायचा जो आकडा आहे त्यात टोचला, आणि चहा घेतला. नंतर पुन्हा पाठवायची मागणी केली, लाइन मिळाली नाही, पाचला घरी गेले. तुमचं मरण माझ्या हाताशी त्या आकड्यात लटकत होतं आणि मी शिपायाला म्हणत होते, आज चहात अद्रक कमी आहे.

तेरवीला दिनकरने, तुमच्या मुलाने, मला बाजूला घेतलं. मला वाटलं विचारेल, ताई, त्या दिवशी का नाही आलात? त्याने विचारलं नाही. म्हणाला, "बाबानं सांगून ठेवलं होतं. बाकीच्याइले फोन कर, निरोप धाड, काईही कर. कुमुदले तारच करजो. थे सोता मशीनवर असते, तिच्या हातात पडन. मशीन आता चांगली झाली म्हने."

त्या टापर बांधलेल्या माणसाने खिडकीच्या पलीकडून मला जे विचारलं होतं, ते आता मी कुणाला विचारू?

दिनकरने तुमची एक वही दिली. शाळकरी पोरांची असते तशी, निळ्या पुठ्ठ्याची. तुमच्या ट्रंकेत जर्द्याच्या डब्याखाली होती म्हणाला. पाहताक्षणी मी ती ओळखली.

मघापासून एक गोष्ट मी गाळत आले आहे. तुम्हाला ती ठाऊकच आहे, तुमच्यापुढे काय लपवायचं. आलूबोंडे खाल्ल्यावर आठ दिवसांनी तुम्ही ही वही घेऊन माझ्या टेबलाशी आला होतात. त्या माणसाच्या मायच्या आधी. आत आठ दिवसांची टिपणं होती, भोंगा किती वाजता, पंखा केव्हा मंदावला, मशीन केव्हा बिघडलं. आणि शेवटच्या पानावर वरच्या साहेबांना अर्ज. सगळं खरं. खाली दोन सह्यांची जागा. एक तुमची, केलेली. "मशीन तू चालवतं. तुई सही पाह्यजे, नाई तं म्हनतीन, या म्हाताऱ्याले मशीनमधलं काय समजते."

मी म्हटलं, "काकाजी, मी अजून कच्ची आहे. सायबाच्या शेऱ्याच्या विरोधात कशी लिहू? माई नौकरी पक्की होऊ द्या, मंग करते."

तुम्ही जराही रागावला नाहीत. "बरं. तू म्हनशीन तवा," म्हणालात आणि वही मिटलीत. पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाहीत. चौकशीतही नाही. तळेगावला नाही, सिंदी मेघेत नाही. मी म्हणेन तेव्हा. आणि मी म्हटलंच नाही. माझी नोकरी पक्की होऊन सहा वर्षं झाली.

रागवायचं होतं ना हो! एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. एस.टी.च्या खिडकीतून सांगायचं होतं, की कुमुद, हे तुझ्यामुळे झालं. मी त्याच दिवशी सही केली असती. तुम्ही मला रागावण्याच्या लायकीचीसुद्धा समजला नाहीत, की इतका जीव लावलात, हे मला अजून कळत नाही. दोन्हीचा मला सारखाच त्रास होतो.

काल तीनचा भोंगा वाजला. सगळे चहाला उठले. मी उठले नाही. वहीचं शेवटचं पान काढलं. तुमच्या सहीची शाई फिकी झाली आहे, पण नाव लागतं. शेजारच्या जागेत मी सही केली, कालच्याच तारखेने. खाली लिहिलं, की सील त्या सकाळी दहापर्यंत साबूत होतं, मी स्वतः पाहिलं होतं, आणि अर्जावर सही करायला मी तेव्हा नकार दिला होता. हे वाचून ते माझं काय करायचं ते करतील. तुमच्यासारखं मधे पडायला आता कुणी नाही, ते बरंच आहे.

अर्ज आज रजिस्टर टपालाने गेला. तुमचं एक अक्षर बदललं नाही. सगळ्यात खाली आणखी एक ओळ माझी घातली आहे. तपासणीस कृपया गुरुवारी येऊ नये. इतर कोणत्याही दिवशी यावे, आणि तीन वाजता डोळे मिटून पंखा ऐकावा.

तुमची,
कुमुद